स्मार्ट मीटर दुरून चालू-बंद करताना ग्रिडचा तोल कसा सांभाळायचा?

प्रश्न नागपुरातल्याच एका सॉफ्टवेअर इंजिनिअरचा आहे. त्यांची टीम स्मार्ट मीटरच्या हेड-एंड सिस्टिमवर, म्हणजे मीटरना आदेश देणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेवर, काम करते आणि दुरून वीज तोडण्या-जोडण्याचा भाग आता त्यांच्या गळ्यात पडलाय. विचारणं थोडक्यात असं: लाखभर मीटरला एकदम आदेश गेला तर ग्रिड पडू शकतं का, आणि तसं होऊ नये म्हणून कोडमध्ये नेमकं काय घालायचं? मी वितरण आणि भार प्रेषण (ग्रिडवरची मागणी आणि उत्पादन जुळवणं) या दोन्ही बाजूंना काम केलंय, त्यामुळे सॉफ्टवेअरपेक्षा तारेच्या टोकाकडून उत्तर देतो.

लाखभर घरांनी देशाचं ग्रिड पडत नाही. मे महिन्यातल्या दुपारी नागपुरातल्या घराचा सरासरी भार एक किलोवॉट धरा. लाख घरं म्हणजे १०० मेगावॉट. कोराडीचा ६६० मेगावॉटचा एक संच ट्रिप होतो तेव्हा याच्या साडेसहापट वीज एका झटक्यात जाते आणि बर्डीवरच्या दुकानात पंखा हळू झाल्याचंही कोणाला कळत नाही. ४,५०० मेगावॉट अचानक गेले तरी सावरता यावं, असा हिशोब धरून भारतात राखीव क्षमता ठेवतात. महाराष्ट्रात बसवायच्या मीटरची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात आहे. त्यातले वीस टक्के एकाच क्षणी उघडले तर मात्र आकडा थेट ४,५०० मेगावॉटला भिडतो. सगळ्या मीटरला हे लागू नाही, हेही सांगून ठेवतो. तोडायचा स्विच फक्त थेट जोडणीच्या, म्हणजे सगळा प्रवाह ज्यातून जातो अशा, मीटरमध्ये असतो. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या मोठ्या कारखान्यांचे सीटीवर (प्रवाह लहान करून मीटरला दाखवणाऱ्या रोहित्रावर) चालणारे मीटर नुसतं मोजतात, तोडू शकत नाहीत. शेतीपंप स्मार्ट मीटरच्या योजनेत नाहीत. त्यामुळे तुमच्या हातात आहेत ती घरं आणि छोटी दुकानं.

आता दिशेचं बघा. संच ट्रिप झाला की वीज कमी पडते आणि फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, आपल्याकडे ५०) खाली जाते. मीटर तोडले की भार गळतो, वीज उरते आणि फ्रिक्वेन्सी वर जाते. ग्रिड कोडने आखलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे. म्हणजे ५०च्या खाली जेवढी जागा आहे त्याच्या निम्मीच वर आहे.

या प्रश्नात मी संख्येच्या आधी वेळ विचारतो. किती मीटर, हे नंतर. किती सेकंदांत, हे आधी. याचा देशव्यापी प्रयोग आपण सगळ्यांनी मिळून केलेला आहे. ५ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. तेव्हा राज्याचे ऊर्जामंत्री आपल्या उत्तर नागपूरचे नितीन राऊत होते. सगळ्यांनी एकदम दिवे मालवले तर ग्रिड कोसळू शकतं, दिवे चालू ठेवूनच मेणबत्त्या लावा, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. राजकारण बाजूला ठेवा, अभियंता म्हणून ती भीती अजिबात खुळी नव्हती. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात ३१,०८९ मेगावॉट कमी झाले. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान हिंदकळली आणि तरी ग्रिड उभं राहिलं.

याचं मोठं श्रेय जलविद्युत केंद्रांना जातं. ती आधीपासून तयारीत होती आणि झपाट्याने उत्पादन खाली-वर करत राहिली. दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. ती घट एका क्षणात झालीच नाही. मागणी पावणेनऊलाच उतरायला लागली आणि नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत उतरत होती. कोणी आधीच बटण दाबून गच्चीवर गेलं, कोणाचं घड्याळ पुढे होतं, कोणाला शेजाऱ्याने हाक मारल्यावर आठवलं. आपल्या ढिलेपणाने ग्रिडला पंचवीस मिनिटं मिळवून दिली. मीटर ढिला नसतो. त्याचं घड्याळ सर्व्हरशी जुळवलेलं असतं, आणि तुम्ही नऊ वाजता म्हणालात तर तो नऊ वाजून शून्य सेकंदालाच रिले, म्हणजे आतला तोडायचा स्विच, उघडतो.

इथेच तुमच्या कोडकडे वळतो. आदेशांच्या वेगावर मर्यादा घातली आहे असं बहुतेक टीम सांगतात. ती मर्यादा कशावर आहे ते तपासा. बहुतेक वेळा ती आदेश पाठवण्यावर असते: मिनिटाला इतकेच. पण डीएलएमएसमध्ये (मीटर आणि सर्व्हर ज्या प्रमाण भाषेत बोलतात तिच्यात) सिंगल अ‍ॅक्शन शेड्यूल नावाचं ऑब्जेक्ट आहे. त्यात तारीख आणि वेळ लिहून ठेवली की मीटर ती कृती स्वतःहून त्या वेळी करतो. कोणी तीन दिवस सावकाश, मर्यादेच्या आत राहून, एकेका मीटरमध्ये सोमवार सकाळ दहाची वेळ लिहीत गेलं तर तुमच्या पहाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. सोमवारी दहाला मात्र सगळे रिले एका सेकंदात वाजतील. म्हणून मर्यादा अंमलाच्या वेळेवर हवी. पुढच्या प्रत्येक मिनिटाला, प्रत्येक फीडरवर (उपकेंद्रातून वस्तीकडे निघणाऱ्या लाइनवर) किती किलोवॉट हलणार आहेत, याची वही सर्व्हरवर ठेवा आणि नवा आदेश घेताना त्या वहीतली जागा बघून घ्या.

कोणी मुद्दाम घात न करताही अशी एकजूट कशी घडते, याचा धडा जर्मनीने दिला आहे. तिथल्या छतांवरच्या सौर इन्व्हर्टरना नियमानेच सांगितलं होतं की फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झवर गेली की बंद व्हा. दोन-चार हजार इन्व्हर्टर होते तोवर नियम शहाणपणाचा होता. पुढे सौर क्षमता हजारो मेगावॉटवर गेली आणि लक्षात आलं की ५०.२ला ती सगळी एकाच क्षणी जाईल, आणि युरोपचं ग्रिड एका झटक्याला ३,००० मेगावॉट सोसेल एवढ्याच हिशोबाने राखीव ठेवतं. २०१२ पासून लाखो इन्व्हर्टरच्या सेटिंग बदलाव्या लागल्या. ज्या इन्व्हर्टरना जमेल ते पायरीपायरीने कमी होतील असे केले, बाकीच्यांना वेगवेगळे उंबरठे दिले. मीटर घराघरांत बसण्याआधी जे काम एका फर्मवेअर फाइलमध्ये उरकतं तेच नंतर किती महाग पडतं, ते यातून दिसतं. आपल्याकडे मीटर अजून बसताहेत, हे आपलं नशीब.

चुकीच्या आदेशाचं घरचं उदाहरणही आहे. १२ ऑगस्ट २०२०ला, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात दीड लाखाहून जास्त स्मार्ट मीटर ग्राहकांची वीज एका चुकीच्या आदेशाने गेली. ग्रिडला काही झालं नाही, वर दिलेल्या हिशोबाने होणारही नव्हतं. लोकांना मात्र सणाच्या दिवशी तासन्‌तास अंधारात बसावं लागलं. आणि अशा वेळी खरी कसोटी लागते ती परत जोडताना. वरून फोन येतो, सगळ्यांची वीज ताबडतोब सुरू करा. त्या घाईत जो माणूस कीबोर्डसमोर बसलेला असतो त्याच्या हाताशी 'सगळे निवडा' हे बटण नसावं, एवढं तरी बघा.

जोडणं तोडण्यापेक्षा का अवघड, ते ३३/११ केव्ही उपकेंद्रात उभं राहिलं की समजतं. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर ४५ अंश. अर्ध्या तासापूर्वी ट्रिप झालेला ११ केव्हीचा फीडर आता चार्ज, म्हणजे पुन्हा चालू, करायचाय. बंद पडताना त्यावर १८० अँपिअर होते असं धरू. ऑपरेटर ब्रेकर बसवतो, पॅनेलवरचा आकडा एकदम ३०० वर उडी मारतो, जादा प्रवाह ओळखणारा ओव्हरकरंट रिले उचलतो आणि ब्रेकर धाडकन बाहेर. फॉल्ट नाहीच, नुसता भार आहे. मग लाइनमनला फोन: लाइनचे दोन भाग करणारा मधला एबी स्विच खोल. अर्धा फीडर आधी घेतात, दहा-पंधरा मिनिटं आकडा खाली येण्याची वाट बघतात, मग उरलेला घेतात. विदर्भातल्या कुठल्याही जुन्या ऑपरेटरला हे शिकवावं लागत नाही.

असं होतं कारण चालू फीडरवर सगळी उपकरणं एकाच वेळी जोर लावत नसतात. एका घरचा फ्रिज चालू असतो तेव्हा शेजारचा थंड होऊन थांबलेला असतो, एसीचंही तसंच. अर्धा तास लाइन गेली की सगळी घरं तापतात आणि लाइन येताच सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू होऊ पाहतात. त्यात घरोघरचे इन्व्हर्टर: बॅटऱ्या उतरलेल्या असतात, त्या लगेच चार्जिंग ओढायला लागतात. नागपुरी कूलरची तऱ्हा वेगळी. त्याला थर्मोस्टॅट नाही, तो एरवीही अखंड चालतो, त्यामुळे तो भार वाढवून ठेवत नाही. पण पंखा आणि पंप अशा दोन्ही मोटरी सुरू होतानाचा झटका मात्र सगळ्या गल्लीत एकाच क्षणी देतो, कारण लाइन गेल्यावर कूलरचं बटण बंद करायची सवय आपल्याला नाही. कूलरचा झटका काही सेकंदांत ओसरतो, एसीचा वाढीव भार अर्धा-पाऊण तास राहतो. दोन्हींसाठी उपाय वेगळा लागतो.

फीडरला निदान ब्रेकर आहे, समोर ऑपरेटर आहे. गल्लीतल्या डीपीला, म्हणजे रोहित्राला, फक्त फ्यूज. २०० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह एका फेजला साधारण २६७ अँपिअर. समजा त्यावर आधीच १८० चालू आहेत आणि तुम्ही त्याच डीपीवरची चाळीस घरं एका सेकंदात जोडली. एका फेजवर तेरा-चौदा आली. त्यातल्या सात घरी जुन्या पद्धतीचा दीड टनी एसी चालूच ठेवलेला होता. सुरू होताना असा एसी चांगले पस्तीस अँपिअर ओढतो, म्हणजे सातांचे २४५. एकूण सव्वाचारशे, आणि यात कूलर, फ्रिज अजून धरलेच नाहीत. व्होल्टेज बसतं, बसल्यामुळे मोटरी उचलत नाहीत, उचलत नाहीत म्हणून जास्तच ओढतात. फ्यूज उडाला तर सुटलो म्हणायचं. काही घरांत एसीला स्टॅबिलायझर असतो आणि तो तीन मिनिटं थांबून वीज सोडतो. ऐकायला बरं वाटतं, पण सगळेच तीन मिनिटं थांबतात. म्हणजे झटका टळत नाही, तीन मिनिटांनी येतो.

हीच अडचण मीटरच्या नियमांतही दडलेली आहे. आपल्या स्मार्ट मीटरच्या विनिर्देशात भारमर्यादा ओलांडल्यावर मीटर आपोआप वीज तोडतो, ठरावीक अंतराने काही वेळा जोडून बघतो, आणि तरी भार जास्तच असला तर कुलूप लावून तीस मिनिटं थांबतो. मग पुन्हा तोच प्रकार. एका घरापुरता हा चांगला नियम आहे. पण उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी सात वाजता अख्ख्या वस्तीची भारमर्यादा उतरवली, तर साडेसातला सगळी वस्ती एकदम जोडून बघणार, पुन्हा तुटणार, आणि आठला पुन्हा. किती वेळा आणि किती अंतराने जोडून बघायचं हे वितरण कंपनी ठरवू शकते. सगळ्यांना एकच आकडा देऊ नका, मीटरनिहाय बदलता ठेवा.

तर मीटरच्या आत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा प्रत्येक मीटरला वेगळा, विलंब हवाच. ब्रिटनने स्मार्ट मीटरच्या विनिर्देशातच भार चालू-बंद करण्यासाठी ० ते १,७९९ सेकंदांचा, म्हणजे अर्ध्या तासापर्यंतचा विलंब ठेवला आहे. तिथल्या घरगुती ई-वाहन चार्जरनाही सुरू-बंद होताना दहा मिनिटांपर्यंतचा विलंब सक्तीचा केला. आपल्याकडे मी असं सुचवेन: वेळ लावून ठेवलेल्या कृतीला अर्ध्या तासापर्यंत, आणि ताबडतोबच्या आदेशालाही मीटरने स्वतःहून साठ सेकंदांपर्यंत. ज्याने आत्ताच बिल भरलंय आणि घामाघूम होऊन बसलाय त्याला एक मिनिट जड जाणार नाही. ग्रिडला मात्र त्या एका मिनिटाचा मोठा फायदा. लाख मीटर साठ सेकंदांत विखुरले की १०० मेगावॉट सेकंदाला पावणेदोनच्या आतबाहेर होऊन हलतात, आणि विद्युत केंद्रांचे गव्हर्नर (टर्बाइनचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा) तेवढं सहज पेलतात. हा साठ सेकंदांचा विलंब सर्व्हरवरून शून्य करता येऊ नये. आदेशातच विलंबाचा आकडा पाठवायची सोय ठेवलीत, तर घुसखोर पहिल्यांदा तोच शून्य करेल.

यादृच्छिक म्हणजे खरोखर यादृच्छिक. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर बीज (यादृच्छिक आकडा काढायची सुरुवातीची संख्या) म्हणून घड्याळाचे सेकंद घेतलेले कोड असतात. एका डीपीवरची सगळी मीटर लाइन आल्यावर एकाच सेकंदाला उठतात, घड्याळं जुळलेली, बीज तेच, आणि 'यादृच्छिक' विलंब सगळ्यांचा ३७ सेकंद. बीजात मीटरचा अनुक्रमांक मिसळा. टेबलावर वीस मीटर एका बोर्डावर लावून एकदम वीज द्या आणि रिलेचे आवाज ऐका. लॉग बघायच्या आधी कानालाच कळतं.

आणखी एक जागा निसटते ती शिळ्या आदेशांची. वळवाच्या वादळात टॉवर गेला, हजारभर मीटर संपर्काबाहेर. सर्व्हर बिचारा इमानदारीने आदेश रांगेत धरून बसतो. संध्याकाळी टॉवर उठला की रांग एका दमात रिकामी. त्यात सकाळी तोडायला सांगितलेल्या पण दुपारी पैसे भरलेल्या माणसाचीही वीज जाते. प्रत्येक आदेशाला मुदत असावी, आणि ती मीटरनेही तपासावी. फीडर नुकताच चार्ज झाला असेल तर मीटर परत जिवंत झाल्याचे संदेश पाठवतात. ते थांबून भार स्थिरावेपर्यंत त्या फीडरची रांग अडवून धरा.

जोडण्याच्या बाबतीत डीएलएमएसने एक चांगली सोय दिलेली आहे, ती आपण फारशी वापरत नाही. रिलेच्या दोन अवस्था सगळ्यांना माहीत असतात, तिसरी आहे 'जोडणीस तयार'. सर्व्हर परवानगी देतो, पण रिले बसतो तो घरातल्या माणसाने मीटरचं बटण दाबल्यावरच. ब्रिटनमध्ये अशीच पद्धत आहे. त्यात सुरक्षितताही आली, कारण चालू राहिलेली इस्त्री किंवा गीझर रिकाम्या घरात आपोआप सुरू होत नाही, आणि माणसं आपापल्या वेळेने बटण दाबत असल्याने भारही विखुरतो. अडचण एवढीच की आपल्या अपार्टमेंटमध्ये मीटर खाली पार्किंगमधल्या कुलूपबंद पेटीत असतात आणि किल्ली चौकीदाराकडे. मोठ्या घोळानंतरच्या जोडणीला तरी ही अवस्था वापरावी असं माझं मत आहे.

सर्व्हरच्या बाजूला मर्यादा मीटरच्या संख्येत लिहू नका, किलोवॉटमध्ये लिहा. जानेवारीतले हजार मीटर आणि मेमधले हजार मीटर एकच नव्हेत. प्रत्येक मीटरचा शेवटचा भार तुमच्याकडे असतोच. आणि यादी कशी लावता ते बघा. रीडिंगच्या मार्गाने लावलेली यादी म्हणजे शेजारी शेजारी घरं, म्हणजे एकाच डीपीवर सगळा मारा. डीपीनुसार वाटणी करून फेरी पद्धतीने जा. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर, ही नोंद बऱ्याच ठिकाणी जुनी असते, कारण उन्हाळ्यात लाइनमन भार इकडचा तिकडे वळवतो आणि कागद वळत नाही. नोंदीवर भरवसा नसेल तर यादी सरळ पिसून टाका. पिसलेली यादी मार्गाने लावलेल्या यादीपेक्षा नेहमीच बरी.

पहारा हेड-एंड सिस्टिमच्या आत ठेवू नका. जी यंत्रणा आदेश देते तीच मर्यादाही तपासत असेल, तर ती हातात आल्यावर मर्यादेला काय अर्थ? ब्रिटनने दोन गोष्टी केल्या. एक, वीजपुरवठादाराने प्रत्येक प्रकारच्या आदेशाची ठरावीक काळातली कमाल संख्या आधी कळवायची, आणि संपर्क जाळं चालवणारी वेगळी संस्था त्यापलीकडचे आदेश अडवून ठेवते. दुसरी, वीज तोडण्यासारख्या गंभीर आदेशावर पुरवठादाराची डिजिटल सही लागते आणि जाळ्याच्या बाजूचीही खूण लागते, मीटर दोन्ही तपासतो. एकट्या कोणाला काही करता येत नाही. आपल्याकडे इतकं नाही तरी, तोडण्याच्या आदेशाची सांकेतिक (एन्क्रिप्शन) किल्ली वाचनाच्या किल्लीहून वेगळी, प्रत्येक मीटरची किल्ली वेगळी, आणि घाऊक आदेशाला दोन माणसांची मंजुरी, एवढं व्हायलाच हवं. महाराष्ट्रात घरगुती टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारे) स्मार्ट मीटर पोस्टपेड आहेत. थकबाकीसाठी तोडायचं तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, त्यामुळे उद्या किती मीटर तोडायचे हे आजच माहीत असतं. म्हणून पहाऱ्याचा आकडा घट्ट ठेवता येतो. नोटिशीच्या यादीत नसलेल्या मीटरला तोडायचा आदेश आला की थांबवायचा, वाद नाही. आपोआप शिल्लक संपून तुटणाऱ्या प्रीपेड पद्धतीत हे इतकं सोपं राहत नाही.

सौर छतांचा विचार नागपुरात वगळून चालणार नाही, इथे ती झपाट्याने वाढताहेत. अशा घराचा रिले उघडला की भारही जातो आणि इन्व्हर्टरही समोर ग्रिड नाही म्हणून बंद होतो. परत जोडल्यावर घर लगेच वीज ओढायला लागतं, पण इन्व्हर्टर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्थिर झाल्यावर निदान साठ सेकंद थांबतो. त्या मिनिटात तुमच्या हिशोबातलं घर उणे दोन किलोवॉटचं अधिक दोन झालेलं असतं. उलट, भर दुपारी सौर नसलेली घरं तोडली तर त्या डीपीवर उत्पादन उरतं आणि व्होल्टेज चढतं. ठरलेल्या व्होल्टेजच्या दहा टक्के वर गेलं की इन्व्हर्टरच पटापट सुटतात. त्यामुळे सौर घरांची यादी वेगळी ठेवा आणि दुपारी बारा ते तीन घाऊक कामं टाळा.

कोणीतरी हमखास सुचवतं की ग्रिड अडचणीत आलं की स्मार्ट मीटरनेच भार कमी करू. नको. फ्रिक्वेन्सी ४९.४ हर्ट्झवर घसरली की फीडरवरचे रिले स्वतःहून काम करतात, आणि ते सेकंदाच्या आत. आरएफ मेशमधून (मीटरमीटरमधल्या रेडिओ जाळ्यातून) उड्या मारत जाणारा आदेश तिथे पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मीटरचा उपयोग नियोजित, सावकाशीच्या भारकपातीला, आणि तोही आधी कळवून. आपलं राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे आणि विदर्भ बघणारं त्याचं केंद्र आपल्या अंबाझरीला. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून विजेचं वेळापत्रक लावलेलं असतं. एका भागात काही मेगावॉटच्या वर काही हलवणार असाल तर त्यांना आधी आकडा द्या. ते तुम्हाला अडवणार नाहीत, फार तर वेळ बदला म्हणतील.

आता शेवटची गोष्ट, जी कोडमध्ये नाही, करारात आहे. या कामाच्या करारांत तोडा-जोडाचा आदेश किती मिनिटांत किती टक्के मीटरवर पूर्ण झाला यावर गुण आणि दंड असतात. वर सांगितलेला प्रत्येक उपाय त्या घड्याळाला उशीर करतो. मुद्दाम ठेवलेला विलंब आणि फीडरनिहाय मर्यादेमुळे झालेला उशीर सेवा-पातळीच्या मोजणीतून वगळला जाईल, असं लेखी घालून घ्या, आणि मीटरने आदेश मिळाल्याची वेळ व रिले हलल्याची वेळ अशा दोन्ही वेळा परत पाठवाव्यात अशी तरतूद करा, म्हणजे मोजणीत भांडण उरणार नाही. हे राहिलं तर पहिल्याच दंडाच्या पत्रानंतर तुमचीच टीम विलंब शून्यावर आणून ठेवेल.